पाच टपऱ्यांवर एकच नाव

आमचं गाव फर्दापूर, लेण्याच्या पायथ्याचं. अण्णा दगड विकायचे. दगड म्हणजे विहीर खोदताना निघतात ते स्फटिक, आतून चमकणारे. तेव्हा टपरी कसली, खांद्यावर झोळी आन् टुरिस्टाच्या मागं पळायचं, तो नको नको म्हणतोय आन् अण्णा त्याच्या तोंडापुढं दगड धरतायत, लहानपणी मला लई लाज वाटायची त्याची, आता नाय वाटत. सोमवारी लेणी बंद. रविवारी धंदा झाला तर सोमवारी सगळ्यांना भाकर, नाय तर आई म्हणायची, आज माझा सोमवार हाय, तुम्ही जेवा. शेजारणींना वाटायचं, बाई महादेवाची मोठी भक्त. काय सांगू तुम्हाला, तो उपास लेण्याचा होता, देवाचा नव्हता.

असल्या घरातून मी बीकॉम झाले. आमच्या खानदानात पहिली, पोरं धरून पहिली. हे लिहा, गाळू नका. संभाजीनगरला मुकुंदवाडीत खोली घेतली, एका कर सल्लागाराच्या हापिसात लागले, दुसऱ्यांची रिटर्नं भरायला.

तवर अण्णांची टपरी झाली होती आन् लोक फोनवरून पैसे द्यायला लागले होते. अण्णांचा फोन बटणाचा, बँकेत नाव एक, आधारवर दुसरं. मग मी माझ्याच खात्याचा कोड छापून टपरीवर लावला. शेजारच्या टपरीवर रशीदमामू, लहानपणापासूनचे. ते म्हणले, बेटी, एक हमको भी दे. मग चुलत्यानं नेला, मग आणखी दोघांनी. पाच टपऱ्या, कोड एकच. टुरिस्ट कोड मारला की विचारायचा, ये वैशाली कौन है? मामू छाती काढून सांगायचे, हमारी बेटी, कॉलेज पढी है. संध्याकाळी ज्याचा तो फोन करून आपला आकडा सांगायचा, आन् शनिवारी गावाकडं जाताना मी रोख काढून ज्याचं त्याच्या हातात द्यायची. सांगंल तेवढा त्याचा. सही नाय, कागद नाय. आमच्याकडं असंच चालतं, शंका घेतली तर माणूस रुसतो.

मग ते व्हिडिओ फिरायला लागले, भाजीवाल्याला नोटीस, चहावाल्याला नोटीस. अण्णांनी व्हिडिओ बघितला आन् कोड उलटा करून ठेवला. पण उलटा करून काय होतं, खातं तर सुलटंच होतं ना. नोटीस आली ती मला. तुमच्या खात्यात विक्रीचे एवढे पैसे आले, मर्यादा ओलांडली, जीएसटीची नोंदणी का नाही, कर भरा, वर दंड भरा.

आमचे साहेब म्हणले, कर सल्लागाराच्या हापिसातल्या पोरीलाच नोटीस, लोक काय म्हणतील, आधी हे मिटव. तेव्हा मी स्वतःच्या नावानं रिटर्नं भरायचं काम करायची परवानगी मागितली होती. ती आता गेली म्हणून मी धरून चालले.

टीव्हीवर तेव्हा रोज चर्चा. दर कमी केले, टप्पे कमी केले, छोट्याला दिलासा. एक जण म्हणायचा मर्यादा वाढवा, दुसरा म्हणायचा वाढवली तर चोर सुटतील. माझा दोघांवर भरवसा नाय. दर कमी झाला तरी आमच्या दुकानदारानं बिस्किटाचा पुडा जुन्याच भावात दिला, जुना माल हाय म्हणला, तो जुना माल संपता संपला नाय. आन् मर्यादा कितीही ठेवा हो, पैसा खात्यात आला म्हणजे त्याच माणसाचा झाला, हे कुणी ठरवलं? आधी विचारा तर खरं.

वाट एकच होती. पाचही जणांनी कराच्या हापिसात येऊन आपापला धंदा आपला म्हणून सांगायचा. मामूंच्या टपरीवर सगळे जमले. चुलता म्हणला, एकदा नाव दिलं की कायमचे अडकलो. मग मामू, दगड पुसत, माझ्याकडं न बघता म्हणले, बेटी, तू त्यांच्यातच उठती बसती. आमचं तिथं कुणी सांगितलं?

मी म्हणले, मामू, मी माझ्यावरच नोटीस काढीन व्हय?

ते दगड पुसतच राहिले. मग आई, जी माणसांत कधी बोलत नाय, ती म्हणली, पोरीनं तुमचा पैसा कधी ठेवून घेतला नाय, मग तुमच्यापायी तिच्यावर आलेलं तुम्ही तिच्याकडंच ठेवता का? एवढं बोलून ती घरी गेली.

सोमवारी, लेणी बंद म्हणून, जीप ठरवली. येतील का नाय, मी सकाळपासून रस्त्यावर उभी. जीप मुकुंदवाडीला थांबली तर पुढच्या सीटवर मामू, इस्त्रीचा कुर्ता घालून.

कराच्या हापिसातला साहेब तरुण होता, वाईट नव्हता, पण त्याचाही विश्वास नव्हता. म्हणला, नातेवाइकांचे पैसे आहेत असं सांगणारे रोज येतात. आन् खोटं नाय ते, गरिबाच्या नावावर धंदे फिरवणारे मी हापिसात बघितलेत. त्यानं टपऱ्यांच्या ग्रामपंचायतीच्या पावत्या बघितल्या, मालाची बिलं बघितली, मग मामूंना विचारलं, तुमचा आकडा हिनं बरोबर दिला, याला पुरावा काय?

मामूंनी माझ्याकडं बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हणले, साब, दगड माझा, कोड हिचा. शक मैंने भी किया था. पण पैसा कधी कमी आला नाय.

साहेबानं पाचही जणांचे जबाब लिहून घेतले. त्यालाही पुढं लई महिने गेले, तीन साहेब बदलले, दरवेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगा. ज्याचा त्याचा धंदा वेगळा धरला तर कुणीच मर्यादेच्या जवळपास नव्हता. नोटीस बंद झाली.

तरी अण्णा अजून पांढरी सरकारी जीप दिसली की कोड उलटा करतात. मी म्हणते, अण्णा, आता तुमच्याच नावाचा हाय. ते म्हणतात, म्हणूनच.

मी हसत नाय त्यांना. उद्या काय नियम निघंल, मलाही माहीत नाय. पण पाच टपऱ्यांवर आता पाच नावं आहेत. माझी परवानगी आली, मुकुंदवाडीत माझ्या नावाची पाटी लागली. आन् आई सोमवारी जेवती.