चार इंची पन्हळ

—चार इंची नको म्हणते ना मी. ठेवा ती खाली. दिसायला सुबक आहे, कबूल, पण पन्हळ काय गळ्यात घालायचीय? छप्पर केवढं आहे ते बघून घ्यायची असते. माप नाही आणलंत? असू दे, मी सांगते तुमच्या छपराचं माप. बसा, ते स्टूल ओढून घ्या. लांबी बेचाळीस फूट, उतार चांगला खडा, आणि दर्शनी बाजूला दोन उतार एकमेकांना मिळतात तो कोन—बरोबर? अहो, घाबरताय काय, जादू नाही ती. घराची खूण सांगितलीत तेव्हाच ओळखलं. तुमची आत्ताची पन्हळ मीच बसवलीय. नऊ वर्षं झाली. तुम्ही तेव्हा त्या घरात आला नसाल.

आता ऐका. लोक येतात आणि विचारतात, आमच्याकडे वर्षाला इतका पाऊस पडतो, कितीची घेऊ? वर्षाच्या पावसाचा काय संबंध? एका दमात किती कोसळतो ते बघायचं. धो धो दहा मिनिटं लागला की तेवढं पाणी मावलं पाहिजे. मग छपराची लांबी-रुंदी, मग उतार—खड्या उतारावरनं पाणी धावत येतं, अरुंद पन्हळ असली की उडी मारून पलीकडे जातं. आणि तो कोन तर दोन उतारांचं पाणी एका जागी ओततो. तुमच्या घराला सहा इंच, आणि खाली सोडायला दोन पाइप. सहाच्या खाली एक सूत नाही. हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं. अंथरुणावर पडल्या पडल्या. पोटावर पत्र्याचा तुकडा ठेवून कडा कशी वळवायची ते दाखवायचे, हात चांगले होते ना—कमरेखालचं सगळं गेलं होतं.

पडले. गोदामाच्या छपरावरनं, अठरा फुटांवरनं. छपराला शेवाळ, वरनं पाऊस. हे म्हणाले, परांची बांधा, नाहीतर कमरेला दोर तरी द्या. तर ठेकेदार खालनं म्हणतो, ‘दोन तासांचं काम, तू काय लहान बाळ आहेस का बोट धरून चढवायला?’ चढले. चौकशीला माणसं आली तेव्हा तोच ठेकेदार हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, ‘काय करणार, प्यायलेला होता.’ त्याच्या हाताखालच्या दोघांनी माना हलवल्या. झालं. कागदावर तसंच उतरलं.

प्यायलेला! अहो, ज्या माणसाला खोकल्याच्या औषधानं गरगरायचं तो! पण एकदा शब्द सुटला की सुटला. ह्यांचा सख्खा भाऊ भेटायला आला, तो दारातनंच नाक आक्रसून आत आला—बघितलं मी. ह्यांनीही बघितलं. तेव्हापासून जो येईल त्याला म्हणायचे, ‘जवळ ये, तोंडाचा वास घे. घे की.’ दूधवाल्याला म्हणाले, डॉक्टरला म्हणाले. चार वर्षं. शेवटच्या दिवशी मलाही म्हणाले. मी घेतला वास, काय करणार—आणि म्हटलं, नाही येत हो, कसलाच वास नाही येत.

काय विचारलंत? ठेकेदार कोण? बाई, तुम्हाला कळलंय. कळलं नसतं तर पदराशी असा चाळा केला नसतात.

हो. तुमचे सासरे.

आणि गंमत ऐका, नऊ वर्षांपूर्वी ते ह्याच दुकानात आले. स्वतःचं घर बांधत होते ना. मी समोर उभी. ओळख? नाव नको! ‘मावशी, चार इंची नाजूक दिसते, तीच लावा, आणि पाइप एकच सोडा, पुढची शोभा जाते.’ मी एरवी गिऱ्हाइकाशी भांडते, सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, खोटं माप मागितलं की हात धरून बाहेर काढते. त्या दिवशी नाही भांडले. ‘तुम्ही म्हणाल तसं,’ म्हटलं. बस. ह्यात माझा काय गुन्हा? जे मागितलं ते दिलं. मी आपली गप्प बसले—चौकशीच्या वेळी ते दोघंही गप्पच होते की माना हलवून.

दर पावसाळ्यात मी त्या रस्त्यानं जाते. मुद्दाम. वाट वाकडी करून. पहिल्या वर्षी कोनातनं धार लागलेली बघितली. दुसऱ्या वर्षी भिंतीवर हिरवा पट्टा. मग पोपडे सुटले, मग खिडकीची चौकट फुगली, मग खाली पायाशी माती खचली. ते बिचारे दर वर्षी रंग काढतात, दर वर्षी भिंत पुन्हा रडते. मला काय बरं वाटायचं म्हणून सांगू! घरी येऊन दोन घास जास्त जायचे. आणि पन्हळीचा उतार तर मी एक बोट उलटाच—

नाही, काही नाही. बोलले काहीतरी.

बरं, ऐकायचंच आहे ना? दिला उलटा उतार. पाइपकडे द्यायचा तो कोनाकडे दिला, एक बोटभर. त्यांनी मागितला नव्हता. तो माझ्याकडचा. पाणी साठावं, पत्रा सडावा, आणि नेमकं त्या कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतीत मुरावं. त्यांच्या निजायच्या खोलीत. ते सांगत होते ना हौसेनं, कोपऱ्यातली खोली माझी—

त्यांची नाही? मग कोण निजतं तिथं?

किती वर्षांची? तीन. आणि खोकला कधीपासून? … भिंतीला लागून आहे का पलंग?

हलवा. आज हलवा. घरी गेल्या गेल्या. मला काय माहीत तिथं लेकरू निजतं ते—मला वाटलं म्हातारा खोकत असेल. पाणी नको मला, बसा तुम्ही.

लावते. सहा इंची, दोन पाइप, उतार सरळ. उद्या सकाळी येते. पण आधी त्यांना इथं पाठवा. इथं, ह्या दारात, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं—‘तो प्यायलेला नव्हता.’ तीन शब्द. एवढंच मागतेय मी. म्हणजे काय, येऊ शकत नाहीत? रिक्षा आहे, मी पाठवते रिक्षा—

विसरतात? काय विसरतात?

तुम्हालाही ओळखत नाहीत? जेवलेलं आठवत नाही. गोदाम, ठेकेदारी, काहीच नाही… म्हणजे सुटले. माझ्या माणसाला चार वर्षं प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड न्यायला लावलं, आणि स्वतः आरामखुर्चीत बसून कोरी पाटी. वा! हे बरं आहे. बाई, तुम्ही का रडताय, तुमचा काय दोष.

थांबा. सांगितलेलं कळतं का त्यांना? त्या घटकेला? म्हणजे कुणी काही वाईट बातमी दिली, तर वाईट वाटतं? रडतात? आणि दुसऱ्या दिवशी पुसलेलं.

मग ठीक आहे. काम चार दिवसांचं आहे, जुनं उचकटून नवं बसवायला. मी स्वतः येणार. शिडीवरनं उतरले की रोज त्यांच्या खुर्चीपाशी बसेन आणि सगळं सांगेन—शेवाळ, दोर, चौकशी, सगळं. ऐकतील, रडतील. दुसऱ्या दिवशी विसरतील. मी पुन्हा सांगेन. त्यांना रोज पहिल्यांदाच कळेल.

असं बघू नका माझ्याकडे. मुलीला दुसऱ्या खोलीत न्या, आणि उद्या आठाला फाटक उघडं ठेवा. निघा आता.