पहिली फेरी घरची

अहो, तिथे नका बसू, त्या बाकाचा पाय डुगडुगतो — इकडे या, तिकीट खिडकीतलं हे स्टूल घ्या. हां. तर काय म्हणत होतात, तुमचे स्पर्धक कोण? कमाल आहे! रस्त्यापलीकडे तो लाल-पिवळा किल्ला दिसतोय, त्या पाण्याच्या घसरगुंड्या — ते पार्क तुमचंच ना? तिथूनच आलात ना, माझं हे पार्क विकत घ्यावं की नाही ते बघायला? आणि मलाच विचारताय! हत्तीनं मुंगीला विचारावं, काय गं, तुझी कुणाशी स्पर्धा आहे? — हसू नका, लिहा.

लिहा की, एक तुम्ही. दुसरा मोबाईल — पोरं इथे येतात, घोड्यावर बसतात आणि मान खाली घालून मोबाईलमधला घोडा पळवतात. घ्या! तिसरा तो मोटरचे सुटे भाग देणारा. पूर्वी चहा प्यायला थांबायचा माझ्याकडे, आता फोन उचलत नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा, तुम्ही ट्रकभर घेता, मी पिशवीभर. आणि सहलीचे मास्तर — ते तर विचारूच नका. म्हणतात, तिथे जेवण फुकट देतात, तुम्ही काय देता? मी म्हटलं, मी सावली देतो. झाडं आहेत माझ्याकडे. तुमच्याकडे नाहीत. लिहिलंत? झाडं लिहा.

आकाशपाळणा? तो — तो बंद आहे. पाटी वाचलीत ना, दुरुस्ती चालू. काय झालंय म्हणजे... अहो, जुनं यंत्र आहे, काहीतरी होतंच. काय? चकाकतोय? वंगण? हो, वंगण ताजं आहे, मीच घालतो रोज सकाळी. बंद असला म्हणून काय झालं, माणूस आजारी पडला की त्याचं तोंड धुवायचं थांबवतो का आपण?

बरं, ऐका. मोडलेला नाहीये तो. लोण्यासारखा फिरतो. पण आमच्या हिचा एक नियम होता — पहिली फेरी घरची. गेट उघडायच्या आधी रोज घरातल्या कुणीतरी एक फेरी बसायचं, मगच गिऱ्हाईक. म्हणायची, आपलं माणूस बसवायची छाती नसेल तर दुसऱ्याची पोरं कशाला बसवायची? मी खाली यंत्राच्या दांड्यावर, ती पाळण्यात, मांडीवर आमची मुलगी. वर गेल्या की दोघी ओरडायच्या, आमच्या घराचं छप्पर दिसतंय! रोज तेच. जसं काही रात्रीतून छप्पर कुणी पळवून नेणार होतं. मग मुलगी लग्न होऊन गेली, तरी ही एकटी बसायचीच. गुडघे दुखायचे, तरी. आणि गेल्या हिवाळ्यात — गेली. आता दांड्यावर मी, आणि पाळण्यात कोण बसवू, सांगा? मोटर बघणारा आमचा गडी म्हणतो, मी बसतो की मालक. चांगला आहे हो बिचारा. पण घरचा नाही ना.

मुलगी? मुलीला म्हटलं होतं. एक दिवस ये, एक फेरी बस, मग विकायचं बोलू. तर म्हणाली, बाबा, आई नसलेल्या पाळण्यात मी नाही बसणार. आणि रडायला लागली. तिचंही खरंच आहे. त्यानंतर फोन नाही. तिनं नाही केला, मीही नाही केला. आणि आता बघा, स्वतः यायचं सोडून पाठवलं तुम्हाला —

कुणी म्हणजे? तुमच्या बाईंनीच की! तुमच्या खात्याच्या मुख्य आहेत ना त्या, उंचशा, चष्मेवाल्या — अहो, माझीच मुलगी ती. तुम्हाला... तुम्हाला ठाऊक नव्हतं? काही बोलली नाही? बापाचं पार्क आहे, एवढंही नाही सांगितलं? एवढी लाज वाटावी असं काय केलं मी —

थांबा. थांबा जरा. घरचं असलं की तुमच्याकडे असे व्यवहार चालत नाहीत, होय? नोकरी जाते? म्हणजे बाप एकटा इथे गंजत बसू नये म्हणून पोरीनं नातं लपवून... अरे देवा. आणि मी येड्यासारखा बडबडत सुटलोय. पेन खाली ठेवा. ते खोडा. खोडा हो, हात जोडतो तुमच्यापुढे! तुमच्या बाई माझ्या कुणी नाहीत, मी त्यांना ओळखत नाही.

काय म्हणालात? तुम्ही बसता? एक फेरी? — नको. नको हो. मन मोठं आहे तुमचं, पण नको.

पार्क घेतलंत की पाळणा खोलून उतरवणारच ना तुम्ही? उतरवाच. माझ्यासमोर नका उतरवू, एवढंच. आणि कुणी विचारलंच, इतके दिवस बंद का होता, तर त्या पाटीचंच सांगा. लिहा — पाळणा मोडलेला आहे. लिहिलंत? मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्या बाईंना चष्मा आहे. मोडलेला आहे, दुरुस्त होण्यासारखा नाही. झालं. या आता, मला गेट लावायचंय.