कमलचं घूमणं

मी महूची. आजोबा फौजेत होते, त्यांच्या राज्यात पोरींनी बसून राहायचंच नाही, बसलं लोखंड गंजतं म्हणायचे, त्यामुळे चालणं ही शिकवायची गोष्ट असते हे मला माहीतच नव्हतं. नर्स झाले, लग्न होऊन सुदामा नगरात आले, आता ड्यूटी जुनी इंदूर भागातल्या दवाखान्यात.

तर काय सांगू तुम्हाला, मागे आमची ट्रेनिंग झाली. पेशंटला नुसती गोळी द्यायची नाही, व्यायामही सांगायचा, डॉक्टरांनी, नर्सनी, सगळ्यांनी. गोष्ट चांगलीच आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण शिकवणारे सर एसीत उभे राहून म्हणतात, एकच वाक्य पक्कं करा, रोज घूमने जाया करो, आणि पेशंटने आढेवेढे घेतले तर तो बहाना समजा. मी उठून म्हटलं, सर, आमच्या गल्लीत बाईला घूमने जा म्हटलं की लोक वेगळंच समजतात, घूमनेवाली म्हणजे वाया गेलेली. सर म्हणाले, सिस्टरजी, आप बहुत सोचती हो. सगळे हसले. मग गुलाबजाम आले, ते बसूनच खाल्ले सगळ्यांनी.

कमल माझी पेशंट. शुगर हाताबाहेर, पाय बधिर, मुलं लहान. आमच्या डॉक्टरांनी शिकल्याबरहुकूम तिच्या सासूसमोरच म्हटलं, घूमने जाया करो. झालं! घरी पोचेस्तोवर सासू सुरू, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, सुन लो भिया, महारानी को डॉक्टर ने छुट्टी दे दी, हमारे घर में घूमनेवाली नहीं चलेगी. नवरा म्हणाला, दवाखानाच बंद. बंद म्हणजे गोळ्यापण बंद! गोळ्या न्यायला आली नाही म्हणून मी घरी गेले, तर तळपायाला ही एवढी जखम, चिघळलेली, आणि तिला पत्ताच नाही. पाय गेला असता हो तिचा. एका शब्दापायी.

असा राग आला मला, सासूचा, सरांचा, त्या हसणाऱ्यांचा. आजही येतो. जखम भरेपर्यंत गोळ्या घेऊन ड्रेसिंगला जात राहिले. भरली, डॉक्टरांनी चालायला हो म्हटलं, तेव्हा सासूला म्हटलं, माँजी, आता हिला चालवून जाँच करायची आहे. साफ झूठ. सासू म्हणते, जाँच है तो ले जाओ, जाँच की बात अलग है.

आता रोज सकाळी ड्यूटीच्या आधी मी तिला नेते, युनिफॉर्म घालून. पानवाला विचारतो, सिस्टरजी, मरीज कैसी है? कोणी वाकडं बोलत नाही. म्हणजे बघा, बाईला चालायचं तर आधी आजारी दिसायचं, सोबत पांढरे कपडे पाहिजेत. थू आहे असल्या शहाणपणावर.

कमल आता माझ्या पुढे चालते, गप्पा मारते, हसते. देव तिचे पाय शाबूत ठेवो. पुढल्या वर्षी मी रिटायर होते. मुलगा म्हणतो, आई, आता हे पांढरे कपडे देऊन टाक कुणाला. नाही देणार. कमल चालते तोवर तर नाहीच.