दुसरी ठाकूरवाडी

हॅलो?… कोण?… थांब रं, गिरण चालू हाय, काय ऐकू येत नाय… बंद करते, थांब… हां. बोल आता, गजा. पोचलास?

… पोचलास! बरं झालं बाबा. सहलीच्या दोन बसपैकी एकच आली, जेवण उरलंय, असा त्या रिसॉर्टवाल्याचा फोन आला, तवापासून नुसती घड्याळाकडं बघतेय. सांडलं नाय ना काय? … पाचही टोप नीट? … गुलाबजामाचा पण? वा.

… हो हो, 'पोचलं' दाबलंस ते दिसलं मला. लॅपटॉप समोरच हाय, पिठात. तुझा ठिपका हिरवा झालाय. … बरं, पारूबाईला दे जरा फोन.

… पारूबाई रं. पारूमावशी. … अरे तिथंच असंल, रस्त्याच्या कामावर. हाक मार की.

… 'कोण पारूबाई' म्हणजे? असं कोण म्हणतंय?

… गजा, एक सांग. तिथं रस्त्याचं काम चाललंय का? फावडी, घमेली, दगड? … नाय? … मग लोक करतायत काय? … पारावर बसलेत. बरं. अजून काय दिसतंय?

… शाळा? कसली शाळा? … पिवळी. गजा, पारूबाईच्या वाडीत शाळाच नाय रं. पोरं डोंगर उतरून खाली येतात शाळेला. … हातपंप पण हाय? … अरे देवा.

गजा, तू कुठल्या ठाकूरवाडीत जाऊन बसलायस?

… अरे ठाकूरवाडीच हाय ती, मी कुठं नाय म्हणते! पण कर्जत-खालापुरात दगड मारावा तिथं ठाकूरवाडी. प्रत्येक डोंगराखाली एक. मी सांगितली ती पारूबाईची. अलीकडची, ओढ्याच्या वरची. … मोबाइलनं दाखवली म्हणून गेलास? मोबाइल काय तुझा मामा लागतो?

… ओरडत नाय. … नाय ओरडत म्हटलं ना. माझा आवाजच असा हाय, गिरणीत राहून राहून.

… हो, तुझीपण चूक नाय. नेहमी राजेश जातो, त्याला वाट पाठ. आज नेमका गेलाय खोपोलीला, साडूच्या वास्तुशांतीला. तू पहिल्यांदा चाललास, तुला कसं कळणार. थांब, बघू दे मला.

… हां. बघ. हितं त्या बाजूला एकच ठाकूरवाडी दिसतेय. पारूबाईची वाडी नकाशात नायच. … नाय म्हणजे नाय. डोंगर हाय, ओढा हाय, वर सगळं कोरं. … आता का नाय ते मी काय सांगू? माझा पुतण्या योगेंद्र म्हणतो, हा नकाशा लोकांनीच भरलेला असतो. जो जिथं जातो तो तिथलं टाकतो. पारूबाईच्या वाडीत कोण मरायला गेलंय!

… अरे फुकट हाय म्हणून तसं नाय. कुणीतरी परदेशात ते सॉफ्टवेअर लिहिलं, सगळ्यांसाठी सोडून दिलं, योगेंद्रनं घेऊन मराठी केलं. चांगलंच हाय ते. हॉल, हॉटेल, रिसॉर्ट, कुठं उरलं, कोण नेणार, सगळं एका ठिकाणी कळतं. पण तिथं माणसानं वाडी टाकलीच नाय तर ते काय स्वप्नात बघणार?

… संजना, तुझं दळण होतंय गं, बस जरा. … तुला नाय, गजा. हितं गिऱ्हाईक हाय.

हां, तर आता असं कर. टोप उचल आणि परत गाडीत…

… काय?

… वाढलं? कुणी वाढायला सांगितलं तुला! … पोरं आधी बसली. किती पोरं? … आणि गुलाबजाम? … सगळे? … अख्खा टोप? अरे, दहा मिनिटं नाय झाली तुला जाऊन!

… नाय, हसत नाय मी. हसायची वेळ हाय का.

… नको. नको नको, पोरांसमोरून उचलायचं नाय. पानावर बसलेल्याच्या तोंडचा घास काढायचा? माझ्यानं नाय व्हायचं ते पाप, आणि तू पण करायचं नाय. खाऊ दे पोरांना. मोठी माणसं बसलीत का? … अजून नाय. बरं. मग बाकीच्या टोपांची झाकणं काढू नको.

… थांब. हितं दुसरा फोन येतोय.

… पारूबाईचाच हाय. … नाय उचलत. काय तोंडानं उचलू?

… ऐक ना गजा, तुला ठाऊक नाय. त्या वाडीचा रस्ता गेल्या पावसात वाहून गेला. इतके महिने कुणी बघितलं नाय. शेवटी लोक म्हणाले, आपणच करू. आज सगळी वाडी श्रमदानाला उतरलीय, बाया, म्हातारे, सगळी. मी काल तिथं जाऊन सांगून आले, दुपारचं जेवण माझ्याकडं, घरी कुणी रांधू नका. एकही बाई घरी नाय थांबली. माझ्या शब्दावर, कळलं? दुपार उलटायला आली, सकाळपासून दगड उचलतायत आणि त्यांचं जेवण खालापुरात जाऊन बसलंय.

… बंद झाला फोन. परत लावंल ती. त्या वाडीत एका आंब्याखालीच रेंज येते, तिथं उभी असंल उन्हात.

… पंक्चर झालं म्हणून सांगू? गजा, तुझ्या जिभेला हाड? … नाय सांगायचं. … अरे, छोटं खोटं आणि मोठं खोटं काय! त्यांच्याकडं लोक येऊन गेलेत रं. ब्लँकेट वाटली, फोटो काढले, परत येतो म्हणाले, कोण आलं नाय. पारूबाईनं पहिल्यांदा मला दारात उभं केलं नव्हतं. म्हणाली, तुमचं उरलंसुरलं तुमच्याकडंच ठेवा. सहा वेळा गेले तवा कुठं 'बस' म्हणाली. आज पंक्चर म्हटलं तर ती काय बोलणार नाय. नुसतं 'बरं' म्हणंल. आणि मग परत कधी फोन उचलायची नाय. ते मला नको हाय.

… दुसरं जेवण? कुठून? रिसॉर्टवर जेवढं होतं तेवढं तू आणलंस. मी हितं खिचडीच टाकणार होते, रिसॉर्टचा फोन आला म्हणून ऱ्हायली. आता टाकली तरी एवढ्या माणसांची व्हायला संध्याकाळ होईल.

… गजा. तिथं मोठं माणूस कोण हाय? ज्याचं वाडी ऐकते असं. … आवडी? बाई हाय? तिलाच दे फोन.

… लाज कसली वाटतेय? मला दे, मी बोलते. मला पण वाटतेय लाज, पण दे.

… हॅलो, आवडीताई? नमस्कार. मी शकू बोलतेय, कर्जतहून, भिसेगावातून. माझी गिरण हाय. … हो, टेंपो आमीच पाठवला. आमी पाच-सात जण हाय, कुठं जेवण उरलं की चांगलं बघून पोचवतो.

… नाय नाय, इलेक्शनचं नाय ओ! … नाय, कुठल्याच पक्षाचं नाय. … अहो खरंच. मत कुणालाही द्या.

… ताई, ऐका ना. थोडं वाईट बोलायचं हाय. ते जेवण तुमच्यासाठी नव्हतं. … हो. … चुकून आलं. आमचंच चुकलं, ड्रायव्हरचं नाय. दुसऱ्या ठाकूरवाडीला जायचं होतं. तिथं लोक सकाळपासून रस्त्याचं काम करतायत, घरी कुणी रांधलेलं नाय. तुमच्या पोरांनी खाल्लं त्याचं काय वाटून घेऊ नका, पोरांचं पोटात गेलं ते गेलं. पण बाकीचं… कसं मागू तुमच्याकडं, मलाच कळत नाय. दारात आलेलं परत मागणं बरं दिसत नाय. पण…

… हो. … हो, अलीकडची. … ओढ्यापलीकडची, वरची. … पारूबाईची, हां. तुमी ओळखता?

… चुलती? सख्खी? … म्हणजे तुमचं माहेर ते!

… अहो मला शिव्या द्या, गजाला नको. त्याला ठाऊक असतं तर… हो. … हो, चुकलंच. … नाय, वाढायच्या आधी पारूबाईचं नाव घ्यायला पायजे होतं त्यानं, बरोबर हाय.

… अहो, सगळं परत नको! तुमची माणसं पण थांबलीत ना जेवायला? अर्धं ठेवा. … आवडीताई, तुमी ऐकून तर… एक टोप तरी ठेवा. … बरं, भाताचा एक ठेवा. म्हाताऱ्यांना. … आणि डाळ काढून घ्या थोडी. … हो, मी सांगतेय ना, घ्या.

… तुमी स्वतः येताय? … अहो, गजा नेईल की. … हां, वाट. ते खरं हाय, त्याला वाट ठाऊक नाय, आणि मोबाइलला तर त्याहून नाय. … या मग. बसा पुढं त्याच्याजवळ. … बरं, द्या त्याला.

… गजा, ऐकलंस? … मग उचल लवकर. टोपाला मागं कोण धरंल? … धाऊ? तिचा नवरा? बरं. … पोरं पण चढतायत? अरे किती? … चढू दे. त्यांना पण मामाचं गाव हाय. टेंपोचं मागचं फळकूट नीट लाव तेवढं. फोन ठेवू नको, कानात वायर घाल, मला कळू दे कुठं चाललायस.

… संजना, आता गिरण सुरू केली तर मला ऐकू यायचं नाय. तांदूळच हायेत ना, पळून जात नायत. बस. … बघ ना, ये हिकडं, हा ठिपका बघ. हा गजा.

… हां, निघालास. दिसतोय. डांबरी रस्त्यानं परत हायवेला ये, मग वळसा… काय म्हणतेय आवडी? … हायवेला जायचंच नाय? … मधून वाट हाय? टेंपो जाईल? … ओढा कोरडा हाय, बैलगाडी जायची त्यातून. बरं, ती सांगते तसं जा. मला इचारू नको, माझ्या नकाशात काय नाय.

… सावकाश. टोप हायेत मागं.

… हां गं संजना, गेला बघ रस्ता सोडून. आता सगळं पांढरं. … गजा, तुझा ठिपका नुसता हवेत चाललाय! … चढ लागला? पहिला गिअर टाक. … काय म्हणतेय ती? … ही पाण्याची टाकी, हे तिच्या बापाचं वावर. बरं. तिला म्हणावं बोलत ऱ्हा. संध्याकाळी योगेंद्रला सांगून सगळं टाकते त्या नकाशात. वाट पण, वाडी पण. चूक ज्याला दिसली त्यानं दुरुस्त करायची, असंच हाय म्हणे ते.

… अरे, परत पारूबाई.

… नाय, आता उचलते. गजा, तू लाइनवर ऱ्हा, ठेवू नको. बाजूला ठेवते तुला.

हॅलो, मावशी? … हो, मीच. … हो, मघाशी नाय उचलला. मुद्दामच नाय उचलला. … रागवा. हक्क हाय तुमचा.

… नाय आलं अजून. मावशी, आमचं चुकलं. जेवण दुसऱ्या ठाकूरवाडीत गेलं, खालापूरच्या. … नाय ओ, पंक्चर नाय, काय नाय. नकाशात तुमची वाडी नव्हती, आमी इचारलं नाय आणि गेलो. … हो. … हो, पोरं उपाशी, ठाऊक हाय मला. … खरं बोलतेय मावशी, खोटं बोलायचं असतं तर मघाशीच उचलला असता.

… येतंय, वाटेत हाय. पण कमी हाय. तिथली पोरं जेवली त्यातलं. … गुलाबजाम तर सगळेच गेले. … नाय पुरणार कदाचित. म्हणून तर तोंड नव्हतं उचलायला.

… परत कुणी पाठवलं? तिथल्या लोकांनीच. मी नीट मागायच्या आधीच त्यांनी सगळं परत देऊ केलं. … आवडी घेऊन येतेय.

… आवडी. … हो, तुमची आवडी. तुमची पुतणी.

… हॅलो? मावशी, हायात ना? … हां. … हो, खरंच. रस्ता गेला तवापासून आली नव्हती? … टेंपोत पुढं बसलीय, वाट दाखवतेय. … एकटी नाय, धाऊ हाय, पोरं हायेत. सगळी. … किती पोरं ते मला कसं कळणार, टेंपोभर म्हणाला गजा! … ओढ्यातून, मधल्या वाटेनं. पोचतीलच आता.

… काय म्हणालात?

… अहो मावशी, भात हाय, डाळ हाय, पनीरची भाजी हाय. चूल कशाला पेटवताय आता? … मग ते कोण खाणार? … तुमी खाणार. बरं. आणि आवडी? … नाय वाढायचं तिला ते. … हो हो, कळलं. माहेरवाशिणीला हॉटेलचं वाढायचं नाय. … अहो पण तुमीच सकाळपासून उपाशी, दगड उचलून… तांदळाच्या भाकऱ्या? आत्ता? … कोंबडी?

… मावशी, कोंबडी कुठं… तिथं उभ्या काळूरामला सांगताय का मला? … त्याला. बरं. … तुमी सगळं काम टाकून… मावशी, माझं ऐकून तर घ्या, माझ्यावर रागावलाय का ते तरी…

… हॅलो? … मावशी?

ठेवला. … संजना, ठेवला गं तिनं. बोलता बोलता ठेवला.

गजा, हायेस रं? … नाय, ओरडली नाय. थोडी ओरडली. … माफ केलं का? काय म्हायत बाबा, माझ्यासाठी तिला वेळच नव्हता. सगळी वाडी रस्ता सोडून कोंबडी धरायला पळालीय.

… आवडीला सांगू नको. गप गाडी चालव. … हां, आणि ऐक, जेवायला बसवलं तर लगेच निघून येऊ नकोस. तू पण पाहुणा हायेस तिथं. … काय झालं, रडतेय? आवडी? … वाडी दिसली तिला. बरं… बरं. जा. ठेवते मी.

दे गं संजना, तुझे तांदूळ.