तिसरं गाणं कोणतं?

हॅलो? … मार्लीस? … मी, वेंडेल. तुझा भाऊ. … नाही, जिवंत आहे. कार्यक्रमातूनच बोलतोय. मध्यंतर आहे. … हो, माहितीय, मध्यंतरात मी फोन करत नाही. एकतीस वर्षांत एकदाही केला नाही. म्हणूनच ऐक. आधी टीव्हीचा आवाज कमी कर. … बेसबॉल कुठे पळून जात नाही गं.

केलास? … बसली आहेस ना? … मग बस.

पहिल्या भागातलं तिसरं गाणं मला ओळखता आलं नाही.

… हॅलो? … हसू नकोस. … मार्लीस, मी गंमत करत नाहीये.

अगं, या 'रस्टी ऑर्चर्ड' बँडचे चारशे बारा कार्यक्रम ऐकलेत मी. गिटारवाल्यानं दुसरा सूर लावायच्या आत गाण्याचं नाव माझ्या वहीत उतरलेलं असतं. इथले लोक गाणं ओळखायला स्टेजकडे बघत नाहीत, माझ्या पेन्सिलीकडे बघतात. आणि आज गाणं सव्वीस मिनिटं चाललं, तेवढा वेळ पेन्सिल धरून बसलो. … कोरा म्हणजे कोरा. वहीत जागा सोडलीय, दोन आणि चारच्या मध्ये. तिच्याकडे बघवत नाही.

… पाणी प्यायलो. … तळलेलं चीजही खाल्लं. … बीअर एकच. … बरं, दीड. … ऊन नाही लागलं, टोपी आहे.

… बाकी सगळं आठवतं. गाडी कुठे लावलीय ते आठवतं. तुझा वाढदिवस आठवतो. … सालासकट हवाय का? … मग राहू दे.

… नाही, सगळ्यांसमोर नाही बोलत. कुंपणापाशी आलोय. आमची सतरंजी चार पावलांवर आहे. डॉयल बसलाय तिथे, रडतोय. … तोच, छपरं घालतो तो, दाढीवाला. … माझ्यासाठी नाही गं, तो दर वेळी रडतो. त्या गाण्यात त्याला आपण देवमाशाच्या पोटात आहोत असं वाटलं. आत दिवा होता म्हणे. पलीकडच्या बाई म्हणतात, बेसवाल्यानं एक प्रश्न विचारला आणि ड्रमवाल्यानं अकरा मिनिटांनी उत्तर दिलं. कुणी म्हणतं, वीस वर्षांत असं झालं नव्हतं. सगळे धन्य झालेत, मार्लीस. आणि त्यांच्या मधोमध मी घामानं निथळत मान डोलावत होतो.

… तसं नाही. … अगं, ऐक ना. गाणं सुरू होतं, मग ही मंडळी गाणं सोडतात आणि रानात शिरतात. ज्याला जे सुचेल ते वाजवतो, बरोबर? पण आपलं घर कुठल्या बाजूला आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर भटकायला मजा येते. आज रानात होतो आणि घर कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. लोक म्हणत होते वा, वा. आणि मी नुसता… … हो. … हो, तेच सांगतोय.

… आईचं नाव मी नाही काढलं. तू काढलंस. … बरं, माझ्याही मनात तेच आहे. … हो, चर्चमधलंच. ऑर्गन वाजवत होती आणि शेवटच्या कडव्याचा शेवट सापडेना. मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा. लोक बिचारे गातच राहिले. पाद्री म्हणाले, आज बाईंना भक्तीचं भरतं आलंय. … आपण दोघं तिसऱ्या बाकावर. … किती वर्षांची होती गं ती तेव्हा? … सदुसष्ट. … मला सप्टेंबरात होतील. … बरं. बरं, गप्प बसतो.

काय करू म्हणालीस? … इथे? … महिने उलटे? … बरं. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर… … मोठ्यानं? आणखी किती मोठ्यानं? … सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. … एकही चुकला नाही? … खरं सांग. … डॉयल तिकडे लिहून घेतोय. त्याला वाटलं, मला पुढच्या दौऱ्याची बातमी लागली. या खेपेला दौरा उलटा का, असं विचारतोय.

… कुणाला विचारू? … अगं, लोक मला विचारतात! मी कुणाला विचारायचं? … एक मिनिट, कुणीतरी आलंय. … हो हो, बोला. … तिसरं? … 'लाँग डिव्हिजन'. … हो, पण संथ घाटाचं. … नाही, सहसा नाही येत ओळखू. … आभार कसले त्यात.

… ऐकलंस? … हो, थाप मारली. … ही तिसरी. पहिली तोंडातून निसटली, आता तीच धरून बसलोय. मघाशी एक जण मलाच येऊन समजावून गेला की हे 'लाँग डिव्हिजन'च आहे, चौऱ्याण्णव सालच्या वळणाचं. इतकं छान समजावलं की क्षणभर मला पटलं. इंटरनेटवरही गेलंय. ओरेगनमध्ये दोन माणसं त्यावरून भांडतायत आणि दोघंही पुरावा म्हणून माझंच नाव देतायत.

… गुणगुणू? तुला काय कळणार त्यातलं? … बरं बाई. हं हं हूं… हूं हूं हं… … फ्रीज बिघडल्यासारखं? … आभारी आहे.

थांब. थांब जरा. डॉयलची बायको काहीतरी म्हणतेय. … ग्रेटा. नवी आहे. दातांच्या दवाखान्यात असते. आज पहिल्यांदाच आलीय, विणकाम घेऊन. … काय म्हणालीस, ग्रेटा? … कुठे वाजतं? … कुठे? … एकदा म्हणून दाखव. शब्दांसकट म्हण.

… मार्लीस. … मार्लीस! ती म्हणतेय हे 'शुगर मेपल' आहे! … हो, तेच, रेडिओवरचं! दुकानात भाजीपाला असतो तिथे लावतात ते! अगं, यांचं एवढं एकच गाणं जगाला माहीत आहे, म्हणून आमच्यातलं कुणी ते ऐकत नाही. ते सुरू झालं की खरा चाहता उठतो आणि मुतारीकडे चालू लागतो. एकतीस वर्षं चाललोय. माझ्या निम्म्या ओळखी त्या रांगेत झाल्या, डॉयलसुद्धा तिथलाच! आणि आज या लबाडांनी ते दुसऱ्या गाण्याच्या पोटातून काढलं. शब्द नाहीत, चाल निम्मी. उठायची खूणच मिळाली नाही कुणाला! जे कधी धड ऐकलंच नाही ते ओळखणार कसं? … हस. हस गं. मीही हसतोय. … नाही, डॉयलला नाही सांगितलं अजून. देवमासा भाजीच्या दुकानातून आला, हे कसं सांगायचं त्याला?

… लिहितोय. तीन… शुगर… मेपल. लिहिलं. … आता बरं वाटतंय. खरंच. … मंगळवारी? आता डॉक्टर कशाला? … अगं पण कळलं ना कारण… … बरं. … बरं, येतो म्हटलं ना. तू मिलवॉकीहून गाडी घेऊन ये, मी मुकाट शेजारी बसतो. तुझ्या चालवण्यावरही बोलणार नाही. … काही नाही बोलणार.

थांब, आले. आले सगळे स्टेजवर. मी सतरंजीवर जातो, तू फोन ठेवू नकोस. एक तुकडा ऐकवतो तुला. फोन वर धरतो हं…

ऐकलंस? … बघ कसे ओरडले लोक! दोन सुरांत ओळखलं! … हो ना. … कोणतं ना? … सांगतो.

… थांब, सांगतो.

… ओळखीचं आहे गं, जिभेवर आहे. … सगळे इकडे बघतायत. पेन्सिलीकडे. … नाही, हे रेडिओवरचं नाही. ग्रेटा आपली विणतेय. … अगं, सांगतो म्हटलं ना! … हो, शब्द सुरू झाले. सगळे गाण्यासोबत म्हणतायत. डॉयलही म्हणतोय. … मी? … मी नाही म्हणत.

… मार्लीस? … आहेस ना?

… नाही. नाही मारत थाप. … विचारतो. … विचारतो म्हटलं, जरा दम धर. … डॉयल. … डॉयल, हे कोणतं रे?

… हसतोय तो. मी त्याची फिरकी घेतोय असं वाटतंय त्याला.

… नाही, आता नाही हसत.

… हो, सांगितलं. वहीतही त्यानंच लिहिलं. … माझं सगळ्यात आवडतं आहे म्हणतो.

… मंगळवारी नको. उद्याच ये. … सकाळीच. … हो, घाबरलोय. … रडू नकोस गं, एक जण इथे आहे तेवढा पुरे.

… ठेवतो आता. ऐकू दे मला. … नाही, खरंच. छान आहे गं हे. … फारच छान आहे.