थर्मासमधली खळ

कर्करोगाच्या दवाखान्यात चिन्मयीचा नंबर त्रेचाळीसावा होता आणि आत सातवा पेशंट चालू होता. शेजारी महाल भागातलं एक म्हातारं विणकर जोडपं बसलं होतं. बाईंच्या डोक्याला रुमाल, बाबांच्या हातात थर्मास.

“पी वं, अनुसया. तांदळाची खळ आहे.”

“खळ सुताले लावतेत. मी काय लुगड्याचा ताणा आहो?”

“डॉक्टर काय म्हणाले, आयकलं ना? रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तात मस्त फिरून राहिल्या. पण गाठीपाशी शिरेच्या भिंतीवर त्याहिले धरून ठेवणारे रेणूच कमी झाले. मंग त्या थांबत नाहीत, सरळ घसरून जातेत.”

“म्हणून तुम्ही भिंतीले खळ लावून राहिले! डॉक्टर उगाच इतके शिकले. एखादा कोष्टी बलावला असता तं झालं असतं.”

“खळीशिवाय सूत टिकते का?”

“गाठ तुमच्या मागावर नाही, माह्या पोटात आहे.”

“चिडू नको. पेशींचं समजलं का तुले?”

“पहिल्याच दिवशी समजलं. आपला पोरगा चंदन रोज या दवाखान्यावरूनच सीताबर्डीले दुकानात जाते. थांबते का?”

“त्याले टाइम नसते वं.”

“पेशीयले तरी कुठं असते?”

बाबा थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिले. आतून नर्सनं हाक मारली.

“अनुसयाबाई! सोबत कोण आहे?”

“आहेत एक. चार महिने झाले, हटूनच नाही राहिले.” मग बाई बाबांकडे वळल्या. “द्या तुमची खळ. मीठ तरी टाकलं का?”