श्वासाबरोबर सोडलेली भीती

फोनमधला आवाज : डोळे मिटून घे. जबडा सैल सोड. भीती वाटली तर अडवू नकोस, श्वासाबरोबर बाहेर जाऊ दे. कळेची प्रत्येक लाट तुझ्या बाळाला तुझ्याजवळ—

रिन्स्के : बंद कर ते, हिल्के.

हिल्के : तूच म्हणालीस, लाव म्हणून.

रिन्स्के : आणि आता म्हणते, बंद कर. तो आवाज इथेच खुर्चीत बसून कॉफी पितोय. फोनमधून कशाला ऐकायचा?

योके : पीत कुठे आहे गं! तीस वर्षं सुईणपण केलं, पण सबंध फ्रीसलंड प्रांतात असली कॉफी मिळाली नाही मला.

हिल्के : चमचे मोजायचं राहिलं. आज काहीच...

योके : असू दे रे. हॉस्पिटलनं उद्याचीच वेळ दिली ना?

रिन्स्के : सकाळी सातची. औषध देऊन कळा सुरू करणार. हा पलंग ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता, इथेच बाळंत व्हायचं, तुमची पाठ वाकायला नको म्हणून. आणि आता तिकडे जाऊन मेलेलं बाळ जन्माला घालायचं. मी म्हटलं, मला झोपवा आणि कापून काढा. तर ती डॉक्टरीण म्हणते, उगाच तो धोका कशाला? तुमचं शरीर हे करू शकेल.

योके : करू शकेल, रिन्स्के.

रिन्स्के : शरीराला सगळं कळतं, असं श्वासाच्या वर्गात तुम्हीच सांगायचात. मग बाळ गेलं ते का नाही कळलं त्याला?

योके : तुला काही जाणवलं होतं का?

रिन्स्के : हो. कळलं होतं. मंगळवारी सकाळपासून तो हलला नव्हता.

हिल्के : मंगळवारी? मला बोलली नाहीस.

रिन्स्के : तू गाईंकडे होतास. फार भीती वाटली. मग मी तुमचं रेकॉर्डिंग लावलं, योके. दोनदा. भीती श्वासाबरोबर सोडून दिली. इतकं छान जमलं मला त्या दिवशी! झोपच लागली. वाटलं, मी शांत झाले म्हणून तोही शांत झालाय.

(योके कॉफीचा कप खाली ठेवते.)

हिल्के : डॉक्टरीण म्हणाली, बहुतेक सोमवारी रात्रीच झालं असावं.

रिन्स्के : ‘बहुतेक’ म्हणाली.

योके : चूक माझी आहे, रिन्स्के. बाळ हललं नाही तर ती भीती सोडायची नसते. ती घट्ट धरून आधी मला फोन करायचा असतो. हे एवढं मी कधी तोंडानं सांगितलं नाही. पहिल्या भेटीत कागद देते त्यावर छापलंय, म्हणून कळलं असेल असं धरून चालले.

रिन्स्के : कागद फ्रिजवर लावलाय. वाचला होता. पण कानात तुम्ही होतात.

योके : हो.

रिन्स्के : आता रडू नका. तुम्ही रडलात तर मला समजूत काढावी लागेल.

योके : नाही रडत. सकाळी प्रार्थनेत तुम्हां सगळ्या जणींची नावं घेते मी. आज तुझ्या नावापाशी थांबले, ती पुढे जाताच येईना.

रिन्स्के : ते तुमचं आणि देवाचं. मला उद्या तेच श्वास घ्यावे लागणार आहेत. दुसरं काही शिकलेच नाही मी. हिल्के म्हणाला, मी बोलेन. पण ‘डोळे मिटून घे’ म्हणताच त्याला रडू फुटतं.

हिल्के : काल जबड्यापर्यंत पोचलो होतो.

रिन्स्के : हो रे, पोचला होतास. योके, उद्या तिथे मला तुम्हीच हव्या आहात. आणि तुमचा आवाज मला सहन होत नाही. दोन्ही खरं आहे.

योके : तिथे सगळं त्यांच्या हातात. पण उशाशी बसता येईल मला. तू म्हणशील तर तोंडही उघडणार नाही.

रिन्स्के : आज गुरुवार. संध्याकाळी वर्ग असेल ना?

योके : नाही घेणार आज. कुठल्या तोंडानं घेऊ?

रिन्स्के : घ्या. नाही घेतलात तर त्या पाच जणी घरी पडून तेच रेकॉर्डिंग ऐकतील. आधी त्यांना हे सांगा. माझं नाव घेऊन सांगा. त्याचंही.

योके : त्याचं नाव मला ठाऊक नाही गं.

हिल्के : रिन्स्के, जन्माआधी सांगायचं नसतं ते. माझ्या आईलासुद्धा नाही सांगितलं आपण.

रिन्स्के : आता कशासाठी जपून ठेवायचं, हिल्के? वीब्रेन. वीब्रेन नाव आहे त्याचं.

योके : वीब्रेन.

रिन्स्के : तेवढं करा. मग उद्या ऐकेन मी तुमचा आवाज.

योके : सांगेन. शब्द देते तुला. हिल्के, माझा कोट कुठे ठेवलास? साडेसातला येतात त्या. मला आधी जाऊन दार उघडायला हवं.